दुसरा गिअर सकाळी करकरतो, गिअरबॉक्स उतरवावा का?

शंकासूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, शेवटी गाडीनेच लिहितं केलं.

गाडी पेट्रोल हॅचबॅक आहे, पाच गिअरची मॅन्युअल, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना. मीटरवर १,१२,००० किमी. गेले पाच-सहा महिने सकाळी गाडी गार असताना पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना ‘कर्र’ असा आवाज येतो. दहा-पंधरा मिनिटं चालली की जवळपास बंद होतो. बाकीचे गिअर बरे पडतात, फक्त रिव्हर्स अधूनमधून ओरडतो. पडलेला गिअर आपोआप सुटत नाही, पिकअपही कमी झालेला नाही.

गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "सिंक्रो गेला. बॉक्स उतरवून ओव्हरहॉल, नाहीतर वापरलेला बॉक्स बघू." सिंक्रो म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी रिंग, इतपत ठाऊक आहे. पण एका चक्करीत एवढं कळतं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. हातात पाना धरता येतो, पण बॉक्स कधी उघडलेला नाही.

उलटा_पाना

गिअर टाकून झाल्यावर तुमचा हात लिव्हरवरच राहतो का? बऱ्याच जणांचा राहतो. हाताचा तो भार आत शिफ्ट फोर्कवर (गिअर सरकवणाऱ्या काट्यावर) जातो, आणि फोर्क फिरत्या स्लीव्हवर (गिअर शाफ्टला जोडणाऱ्या सरकत्या कड्यावर) सतत घासत राहतो. तुमच्या आवाजाचं कारण हेच असेल असं नाही, पण सवय असेल तर आजच सोडा.

घाईत_आहे

दुसराच गिअर, तोही गार असतानाच. यात शोधायचं काय? सिंक्रो! माझ्या आधीच्या गाडीला हेच झालं होतं. बॉक्स उतरवा आणि मोकळे व्हा.

तेलकट_हात

घाईत_आहे, नाव सार्थ केलंत. :)

शंकासूर, एक लाखावर चाललेल्या गाडीत दुसऱ्याचा सिंक्रो थोडाफार झिजलेला असणारच, त्याबद्दल वाद नाही. पण तुम्ही जाताजाता लिहिलेलं एक वाक्य मला खटकलं, "रिव्हर्स अधूनमधून ओरडतो". पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो दिलेलाच नसतो, कारण गाडी थांबवूनच तो टाकायचा असतो. मग दुसऱ्याचा सिंक्रो झिजला म्हणून रिव्हर्सने का ओरडावं? दोघांचं दुखणं एकच असेल तर ते बॉक्सच्या बाहेर असण्याची शक्यता जास्त, म्हणजे क्लचमध्ये.

पाना न उचलता करायच्या तपासण्या सांगतो. त्या केल्याशिवाय कुणालाही बॉक्सला हात लावू देऊ नका.

आधी इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर एकेक टाकून बघा. एखादा अडला तर गाडी वीतभर ढकलून पुन्हा टाका, दातावर दात आला असेल. सगळे मऊ पडले तर लिव्हर, केबल आणि तिचे बुश यांना सोडून द्या.

मग सपाट जागी, हँडब्रेक लावून इंजिन सुरू करा. क्लच तळापर्यंत दाबा, मनात पाच आकडे मोजा आणि रिव्हर्स टाका. क्लच खरोखर सुटला असेल तर तेवढ्या वेळात बॉक्सचा इनपुट शाफ्ट (क्लचकडून ताकद आत आणणारा दांडा) फिरायचा थांबतो, आणि थांबलेल्या शाफ्टवर रिव्हर्स मुकाट पडतो. पाच मोजूनही कर्र झालं तर समजा की पेडल दाबलेलं असूनही क्लच प्लेट इंजिनाबरोबर थोडी ओढली जातेय.

तसं झालं तर पेडल भराभर दोन-तीनदा मारा, दाबून धरा आणि पुन्हा रिव्हर्स टाका. आता गुपचूप पडला तर क्लचच्या हायड्रॉलिकमध्ये (पेडलचा दाब द्रवाने पोचवणाऱ्या नळीत) हवा आहे किंवा सिलिंडरचं रबर दाब धरत नाही.

शेवटची तपासणी चालत्या गाडीत. पहिल्यावरून न्यूट्रलला या, क्लच सोडा, परत दाबा, मग दुसरा टाका. जुने ट्रकवाले करायचे तो डबल क्लच. आवाज गेला तर गिअरचे दात शाबूत आहेत, वेग जुळण्यात काहीतरी आडवं येतंय.

आणि हो, बॉक्सचं तेल शेवटचं कधी बदललं आणि कोणतं घातलं?

चौथा_गिअर

तेलकट_हात यांना +१. दुसराच गिअर का रडतो, याचं गणित मी एकदा मांडलं होतं, तेच इथे डकवते.

समजा पहिल्याचं गुणोत्तर ३.५, दुसऱ्याचं १.९, तिसऱ्याचं १.३. इंजिन ३,००० फेऱ्यांवर असताना पहिल्यावरून दुसऱ्यावर गेलात, तर त्याच वेगाला दुसऱ्यात इंजिन सुमारे १,६३० फेऱ्यांवर असायला हवं. म्हणजे इनपुट शाफ्ट, त्याला जोडलेले गिअर आणि क्लच प्लेट, या सगळ्या वजनाचा वेग १,३७० फेऱ्यांनी उतरवायचा. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना हाच फरक साधारण ९५०. चौथ्यावरून पाचव्यावर (०.९५ आणि ०.७५ धरा) अवघा ६३०. हे सगळं काम एक पितळी रिंग करते, तेही अर्ध्या-पाऊण सेकंदात. गिअरच्या उतरत्या कोनावर ती घासते, दोघांचा वेग एक होतो आणि मगच स्लीव्ह पुढे सरकते. शहरात दिवसभर पहिला-दुसरा, पहिला-दुसरा चालतं, त्यामुळे सगळ्यात जड ओझं सगळ्यात जास्त वेळा उचलणारी रिंग हीच. काही कंपन्या पहिल्या-दुसऱ्याला एकाऐवजी दोन किंवा तीन कोनांचे सिंक्रो देतात, ते याचसाठी.

आता क्लच नीट सुटत नसेल तर रिंगेला नुसता शाफ्ट थांबवायचा नसतो, चालू इंजिनाशी कुस्ती खेळायची असते. ती हरणारच. त्यावरून ‘रिंग गेली’ म्हणणं म्हणजे हँडब्रेक ओढून गाडी चालवायची आणि इंजिन कमजोर झालं म्हणायचं.

अवांतर: सिंक्रोवाला बॉक्स पहिल्यांदा १९२८ साली कॅडिलॅकने बाजारात आणला. त्याआधी प्रत्येक ड्रायव्हरला डबल क्लच यावाच लागायचा, नाहीतर गिअर टाकल्याचं साऱ्या गल्लीला कळायचं.

मागची_सीट

धाग्यात घुसतोय, माफ करा. माझ्या गाडीत गिअर नीट पडतात, पण न्यूट्रलला उभी असताना घरघर येते. क्लच दाबला की बंद. मित्र म्हणतो रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच सोडवणारं.

तेलकट_हात

मित्र उलटं सांगतोय. पेडल दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, कारण दाबल्यावर त्याच्यावर भार येतो. दाबल्यावर बंद होत असेल तर संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर, कारण क्लच दाबला की तो शाफ्ट थांबतो. हलका खडखड असेल तर काही बॉक्सचा तो स्वभावच असतो. घरघर दर महिन्याला वाढत असेल तर तेलाची पातळी तपासा आणि बेअरिंगची तयारी ठेवा.

गाडी मागच्या चाकांवर चालणारी आणि चौथा गिअर ‘डायरेक्ट’ असेल तर आणखी एक खूण आहे. चौथ्यात ताकद इनपुट शाफ्टमधून सरळ बाहेर जाते, खालचा ले-शाफ्ट नुसता फिरतो, त्याच्यावर भार नसतो. बाकी गिअरमध्ये येणारा आवाज चौथ्यात विरला तर दुखणं ले-शाफ्टच्या बाजूला. पुढच्या चाकांच्या गाड्यांत बहुधा डायरेक्ट गिअर नसतो, तिथे ही खूण चालत नाही.

आणि आवाज कोणत्याही गिअरमध्ये तोच, न्यूट्रलला घरंगळतानाही तोच, फक्त गाडीच्या वेगाबरोबर चढतो-उतरतो, असं असेल तर आधी टायर आणि चाकाचं बेअरिंग बघा. चाकाच्या बेअरिंगसाठी बॉक्स उतरवलेला मी पाहिलाय. नवीन ऑइल सील टाकून, बॉक्स चढवून गाडी बाहेर काढली, आवाज जिथे होता तिथेच.

शंकासूर

तपासण्या केल्या.

इंजिन बंद: पाचही आणि रिव्हर्स, लोण्यासारखे.

इंजिन चालू, पाच मोजून रिव्हर्स: पाचपैकी तीन वेळा कर्र. पेडल तीनदा मारून: एकदाही नाही!

डबल क्लच: दुसरा बहुतेक वेळा बिनआवाज पडतो.

बॉनेट उघडलं. क्लच आणि ब्रेकला एकच टाकी आहे. द्रव खालच्या खुणेच्या जरा वर, रंग काळपट. बॉक्सच्या बाहेर एक छोटा सिलिंडर आहे, त्याची धूळरोधक टोपी बोटाने उचलली तर आत ओल.

तेलाबद्दल: सहा महिन्यांपूर्वी सर्व्हिसला ‘गिअर ऑइल बदली’ झाली होती. पावती शोधतो.

तेलकट_हात

तो छोटा म्हणजे स्लेव्ह सिलिंडर, आणि टोपीखाली ओल म्हणजे त्याचं रबर पाझरतंय. पेडल तेवढंच दाबलं तरी दांडा पुरता पुढे सरकत नाही, म्हणून प्लेट पूर्ण सुटत नाही. नशीब समजा की तो बाहेर आहे. काही गाड्यांत तो रिलीज बेअरिंगसकट बॉक्सच्या आत, शाफ्टभोवती बसवलेला असतो. तिथे दहा मिनिटांच्या रबरासाठी खरोखरच बॉक्स उतरवावा लागतो.

सिलिंडर बदला, नळीतला सगळा द्रव नवा घाला आणि हवा काढा. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचाच ब्रेक फ्लुइड. हा द्रव हवेतलं पाणी शोषतो, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचा असतो. क्लचच्या नळीतला मात्र कुणी बदलत नाही, तो तिथेच काळा होतो. रंगावर सांडू देऊ नका, पापुद्रे निघतील. टाकी एकच असल्यामुळे काम झाल्यावर ब्रेकचं पेडलही तपासूनच गाडी रस्त्यावर काढा.

पावती शोधाच. सहा महिन्यांपूर्वी तेल बदललं आणि पाच-सहा महिन्यांपासून आवाज येतोय, हे दोन्ही तुम्हीच लिहिलंय.

शंकासूर

अरे हो की! हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पावती मिळाली. तिच्यावर ‘गिअर ऑइल ८५डब्ल्यू-१४० जीएल-५’. गाडीच्या पुस्तकात त्याहून पातळ, ७५डब्ल्यू-९० जीएल-४ आहे. हे चालतं का?

जाडजूड

चालतं. जीएल-५ हे जीएल-४ च्या वरचं. पाच चारपेक्षा मोठा आकडा आहे. जाड तेलाने उलट आवाज कमी होतो, मी जुन्या गाडीत नेहमी एक घर जाडच वापरतो.

चौथा_गिअर

जाडजूड, नाही हो. या आकड्यांना शाळेतली इयत्ता समजू नका, तेल कुठे वापरायचं हे ते सांगतात. जीएल-५ मुख्यतः हायपॉइड डिफरन्शियलसाठी (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसंचासाठी). तिथे दात एकमेकांवर प्रचंड दाबाने घसरतात, म्हणून गंधक-फॉस्फरसची रसायनं त्यात जीएल-४ च्या जवळपास दुप्पट असतात. ती दातांवर निसरडा थर धरतात. डिफरन्शियलला तेच हवं, पण सिंक्रोच्या रिंगेला घासूनच वेग जुळवायचा असतो. तिच्या अंगाला साबण लावला तर ती पकडणार कशी? शिवाय त्यातलं गंधक गरम झाल्यावर पितळ खाऊ शकतं. हल्लीच्या बऱ्याच जीएल-५ तेलांत ते सौम्य असतं हे खरं, पण पकडीचा प्रश्न उरतोच.

तुमच्या जुन्या गाडीत आवाज कमी झाला असेल, नाकारत नाही. जाड तेल झिजलेल्या बेअरिंगचा आवाज झाकतं. पण गार असताना ते रिंगेच्या बारीक खाचांतून लवकर निघत नाही, आणि मधला थर तुटल्याशिवाय रिंग कोनाला टेकत नाही. सकाळी कर्र, पंधरा मिनिटांनी गप्प, हे शंकासूर यांचं लक्षण याच्याशी तंतोतंत जुळतं.

उलट चूकही करू नका. मागच्या चाकांच्या गाडीच्या डिफरन्शियलमध्ये जीएल-५ च लागतं, तिथे जीएल-४ घातलं तर दात खाल्ले जातील. आडवं इंजिन असलेल्या पुढच्या चाकांच्या गाड्यांत शेवटची जोडी साध्या हेलिकल दातांची असते आणि बॉक्सच्याच तेलात बुडते, म्हणून जीएल-४ पुरतं. काही मॅन्युअल बॉक्समध्ये तर चक्क एटीएफ (ऑटोमॅटिकचं तेल) असतं. एकंदरीत, गाडीचं पुस्तक उघडा.

जाडजूड

साबणाचं पटलं. इयत्तेचा टोला लागला पण. :)

निवांत

आमच्याकडे सहा गिअरची ऑटोमॅटिक आहे, टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिन आणि बॉक्स तेलातून जोडणारी). ९०,००० झाले. पुस्तक म्हणतं तेल ‘आयुष्यभरासाठी’ आहे, बदलायची गरज नाही. शेजारी म्हणतात बदललं की बॉक्स बसतो. अगदीच वेगळा विषय असेल तर नवा धागा काढतो.

तेलकट_हात

काढू नका, इथेच बोलू. मॅन्युअलवाल्यांनाही उद्या हीच गाडी घ्यायची आहे.

‘आयुष्यभर’ म्हणजे कोणाचं आयुष्य, हा खरा प्रश्न. ऑटोमॅटिकमध्ये तेल नुसतं वंगण नसतं. तेच ताकद पुढे नेतं, तेच दाबाने क्लच मिटवतं, तेच उष्णता बाहेर काढतं, आणि क्लचच्या थरांची पकड किती हवी हेही त्यातल्या रसायनांवरच ठरतं. इतकी कामं करणारा पदार्थ झिजणार नाही हे मला पटत नाही. झेडएफ ही स्वतः असे बॉक्स बनवणारी कंपनी. त्यांचा बॉक्स घेणारे काही कारवाले ‘लाइफटाइम’ लिहितात, पण झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षांनी तेल बदलायला सांगते. तुम्ही त्या मापात आलात.

शेजाऱ्यांच्या भीतीमागेही अनुभव आहे, फक्त कार्यकारण उलटं लागलंय. लोक तेल बदलायला जातात कधी, तर बॉक्स घसरायला लागल्यावर. तोवर क्लचचे थर जळलेले असतात. तेल बदलून थर परत येत नाहीत, बॉक्स पुढच्या महिन्यात बसतो आणि नाव नव्या तेलाचं होतं.

तेल मोजायची काडी घेऊन वास घ्या (तुमच्या बॉक्सला काडी असेल तर, अनेकांना नसते). लालसर किंवा तपकिरी आणि वास साधा असेल तर निर्धास्त बदला. काळं, जळका वास आणि गिअर घसरताहेत, तर आधी तपासणी करून घ्या. गुलाबी, दुधट, फेसाळ दिसलं तर गाडी सुरूच करू नका. रेडिएटरमधला ऑइल कूलर आतून फुटून पाणी तेलात शिरलंय. पाण्याने क्लचच्या थरांचा डिंक सुटतो.

निवांत

घसरत नाही. मात्र ६०-७० च्या वेगाला हलक्या पायाने जाताना कधीकधी गाडी थरथरते, रस्त्यावर बारीक पट्टे आखल्यासारखी. पाय दाबला की जाते.

चौथा_गिअर

टॉर्क कन्व्हर्टरच्या आत इंजिन आणि बॉक्स थेट जोडणारा लॉकअप क्लच असतो, तो बंद होताना घसरतोय-पकडतोय. तेलातली पकड सांभाळणारी रसायनं संपली की हे पहिलं लक्षण. बऱ्याचदा वेळेवर बदललेल्या तेलाने जातं, उशीर झाला तर कन्व्हर्टर बदलावा लागतो. स्कॅनर लावून बघा. पी०७०० हा बिघाडाचा कोड दिसला तर तो नुसता निरोप्या, ‘बॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी सांगायचंय’ एवढंच सांगतो, खरा कोड त्याच्यामागे असतो. पी०७४१ असेल तर लॉकअपचाच मामला.

घाईत_आहे

मशीन लावून दाबाने सगळं धुऊन काढा, एकदाच आणि पूर्ण. खालून प्लग काढून निम्मं तेल आतच राहतं.

तेलकट_हात

निम्मं राहतं हे बरोबर, कन्व्हर्टरमधलं उतरत नाही. म्हणून मी काहीशे किलोमीटरच्या अंतराने दोन-तीनदा काढतो-भरतो. तेल जास्त लागतं, पण साचलेला गाळ एका झटक्यात उठून व्हॉल्व्ह बॉडीच्या (तेलाचा दाब हवा तिथे वळवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत अडकत नाही. इतिहास माहीत असलेल्या, वेळेवर तेल बदललेल्या बॉक्सला मशीन लावायला माझी हरकत नाही. जुन्या, अनोळखी बॉक्सला लावायला आहे. यावर दुमत असणारे चांगले मेकॅनिक आहेत, हेही सांगून ठेवतो.

पॅन निघत असेल तर फिल्टर आणि गॅस्केट नवे, चुंबकं पुसून परत. पातळी मात्र घरी अंदाजाने ठरवू नका. इंजिन चालू ठेवून ठरावीक तापमानाला मोजायची असते, काही बॉक्सना ३० ते ५० अंशांच्या आतच. तेल तापून फुगतं, त्यामुळे जास्त गरम असताना मोजून बंद केलं तर ते कमीच पडणार.

आणि ‘ऑटोमॅटिकचं तेल’ असं मोघम मागू नका. सीव्हीटीचं (पट्टा-पुलीवाल्या ऑटोमॅटिकचं) वेगळं, डीसीटीचं (दोन क्लचवाल्या ऑटोमॅटिकचं) वेगळं, साध्या ऑटोमॅटिकचंही बॉक्सप्रमाणे वेगळं. सीव्हीटीत पोलादी पट्टा दोन पुलींमध्ये केवळ घर्षणावर धरलेला असतो, तिथे चुकीचं तेल म्हणजे पट्टा घसरून पुलीवर ओरखडे. मग तो बॉक्स दुरुस्तीत निघत नाही, बदलावाच लागतो.

उलटा_पाना

यात एएमटीवाल्यांसाठी एक ओळ जोडतो. ती ऑटोमॅटिक दिसते, पण आत साधा मॅन्युअल बॉक्स आणि साधा कोरडा क्लच, पेडल मारायला तुमच्या पायाऐवजी यंत्र. चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरलीत तर तो हाफ क्लच होतो, प्लेट जळते. ब्रेकवर धरा. कोरड्या क्लचच्या डीसीटीचंही तेच, रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापतात. पुढच्या गाडीमागे इंच-इंच सरकण्यापेक्षा जरा अंतर पडू द्या, मग एकदाच पुढे घ्या. एएमटीचा क्लच बदलल्यावर स्कॅनरने नव्याने ‘शिकवणी’ द्यावी लागते, ती न देता गाडी सोपवली की पहिल्याच वळणावर धक्के.

मागची_सीट

ऑटोमॅटिक बंद पडली तर न्यूट्रल करून दोरीने ओढत नेता येते ना?

चौथा_गिअर

बहुतेकांत नाही. बॉक्समधला तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरताहेत म्हणजे आतले भाग कोरडे फिरताहेत. इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते ती उचलून न्या, नाहीतर सगळी गाडीच ट्रकवर. उतारावर न्यूट्रल टाकून इंजिन बंद करणाऱ्यांनाही हेच लागू. त्यांचा ब्रेक आणि स्टिअरिंगही जड होतं ते वेगळंच.

शंकासूर

परत आलो. दोन रविवार गेले.

पहिल्या रविवारी स्लेव्ह सिलिंडर बदलला. मुलाने पेडल मारलं, मी खाली स्क्रू उघडत-बंद करत होतो. पहिला द्रव काळ्या शाईसारखा आला. आता पाच मोजून रिव्हर्स दहापैकी दहा वेळा मुकाट! दुसरा मात्र सकाळी अजून करकरायचा, आधीपेक्षा कमी.

दुसऱ्या रविवारी तेल. आधी वर विचारायला हवं होतं, पण एका जुन्या धाग्यात वाचलेलं आठवलं: भरायचा प्लग आधी सुटतो का ते बघा, मगच खालचा उघडा. भरायचा प्लग असा गच्च होता की पान्यावर नळी चढवून लांबी वाढवावी लागली. खालचा आधी उघडला असता तर रिकामा बॉक्स घेऊन बसलो असतो. गाडी चारही बाजूंनी स्टँडवर, सपाट. तेल गरम करून काढलं, तरी मधासारखं ओघळत होतं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचा लगदा आणि तेलात उन्हात धरल्यावर सोनेरी चमक. घाबरावं का?

दोन्ही प्लगना नवे वॉशर, ७५डब्ल्यू-९० जीएल-४, भोकातून बाहेर यायला लागेपर्यंत. साधारण २ लिटर बसलं.

तेलकट_हात

शाबास! चारही बाजूंनी स्टँड लावलेत हे विशेष. गाडी तिरकी असेल तर भोकातून तेल आलं तरी पातळी खोटी, आणि नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली तर जायचंच नाही.

करडा लगदा म्हणजे लोखंडाची नेहमीची झीज, १,१२,००० ला अपेक्षित. बोटात चोळल्यावर टोचणारे कण, चपटे तुकडे किंवा दाताचा टवका मिळाला असता तर बॉक्स उघडा म्हणालो असतो. सोनेरी चमक पितळाची, तुमच्या रिंगेची. चुंबक तिला पकडत नाही म्हणून ती तेलात तरंगते. म्हणजे रिंग थोडी झिजली आहे हे गॅरेजवाल्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ती का झिजतेय, हे त्याने विचारलं नाही, एवढंच.

५००-६०० किलोमीटर चालवा, मग सांगा.

शंकासूर

१,५०० किमी झाले.

सकाळचा दुसरा गिअर आता सावकाश टाकला तर शंभरातून पंच्याण्णव वेळा गप्प. तिसऱ्यावरून घाईत दुसऱ्यावर आणला तर अजून कर्र होतो. तिथे डबल क्लच करतो, मध्ये किंचित अ‍ॅक्सिलरेटर देऊन. मुलगा म्हणतो बाबा ट्रक चालवताहेत.

आता याच्यापुढे काय? रिंग बदलायलाच हवी का?

तेलकट_हात

हवी, पण आज नको. क्लच प्लेट कधी बदलली होती? मूळचीच असेल तर एक दिवस बॉक्स उतरणारच आहे. वरच्या गिअरमध्ये जोरात पाय दिल्यावर आरपीएम चढले आणि गाडी मागे राहिली की समजा तो दिवस आला. त्या वेळी प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला, इनपुट शाफ्टचं सील बदला, ते पाझरलं तर नवी प्लेट तेलाने माखेल. आणि बॉक्स खाली आलाच आहे तर पहिल्या-दुसऱ्याच्या रिंगा. एकच मजुरी, सगळी कामं. रिंगा आधीच मागवून ठेवा, बॉक्स उघडून ठेवून सुट्या भागाची वाट बघण्याइतकं वाईट काही नाही. आत धूळ जाते आणि मेकॅनिकच्या डोक्यातून स्क्रूंचा क्रम.

तोवर डबल क्लच सुरू ठेवा.

शंकासूर

प्लेट मूळचीच आहे. रिंगांचा पार्ट नंबर शोधायला घेतो. सगळ्यांचे आभार, विशेष तेलकट_हात आणि चौथा_गिअर.

निवांत

आमच्याकडेही पहिली बदली झाली. थरथर निम्म्यावर आली आहे. पुढच्या महिन्यात दुसरी, तेव्हा कळवतो.

घाईत_आहे

शंकासूर, तुमचा धागा पहिल्यापासून परत वाचला. माझ्या त्या जुन्या गाडीचा रिव्हर्सही ओरडायचा. दोनदा बॉक्स उतरवला होता, क्लचचा सिलिंडर कुणी बघितलाच नाही. शेवटी वैतागून विकली.